सहीपूर्वी 'लाइफ'चे मराठी विचारा

तीन पावसाळ्यांमागची गोष्ट. ऑगस्टमधली रात्र होती, दहा वाजून गेले होते आणि मी निजण्याच्या तयारीत होतो. फोन वाजला. गंगापूर तालुक्यातील आमच्या एका जुन्या कुटुंबाचे वडील शहरातील एका खाजगी रुग्णालयात अत्यवस्थ होते. मिशनच्या शाळेत आयुष्य घालवलेला हा माणूस. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. पवित्र तेलाची कुपी खिशात टाकून मी निघालो.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकाजवळ दोन्ही मुलगे, थोरली सून आणि एक तरुण डॉक्टर उभे होते. डॉक्टर सज्जन होते, घाईतही होते. ते म्हणाले, "लाइफ आहे, पण लाइफ सपोर्टवर आहे. क्वालिटी ऑफ लाइफ राहणार नाही. सपोर्ट काढला तर लाइफ नाही. तुम्ही ठरवा." त्यांच्या हातात एक इंग्रजी कागद होता आणि त्यावर सहीची जागा मोकळी होती. वाचकहो, या चार वाक्यांत एकच शब्द चार वेळा आला आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ निराळा होता. त्या रात्री मात्र हे मला उमगले नाही.

थोरल्या मुलाने माझ्याकडे वळून विचारले, "फादर, हे यंत्र काढलं तर आपण बाबांचा जीव घेतला, असं होईल का?"

प्रश्न मराठीत होता, स्वच्छ होता आणि त्याला उत्तर होते. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चर्च इज ऑलवेज फॉर लाइफ."

मुलांनी सही केली नाही. यंत्र एकोणीस दिवस चालले. बिलासाठी दोन एकर रान गहाण पडले. विसाव्या दिवशी पहाटे गुरुजी वारले. भेटीची वेळ नव्हती म्हणून त्यांच्याजवळ घरचे कोणीच नव्हते. पुढे मला असेही कळले, की तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सुधारणेची आशा वैद्यकीय दृष्ट्या संपलेली होती, आणि तेव्हा यंत्र काढण्यास ख्रिस्तसभेची कोणतीही आडकाठी नव्हती. दफनविधी आटोपल्यावर थोरला मुलगा कबरस्थानाच्या फाटकाशी मला शांतपणे म्हणाला, "फादर, तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. इंग्रजीत काहीतरी म्हणालात."

या वाक्याने मला हा लेख लिहावयास लावले आहे. माझे भांडण डॉक्टरांशी नाही, इंग्रजी भाषेशीही नाही. ते आहे 'लाइफ' या एका शब्दाशी, आणि तो शब्द पुढे करून स्वतःचे विचार करणे टाळणाऱ्या आपल्या सर्वांशी. आरोपींच्या यादीत पहिले नाव माझे आहे.

प्रथम त्या शब्दाची वंशावळ पाहू. इंग्रजी 'लाइफ' हा जर्मन कुळातला शब्द. त्याचा जर्मन भाऊ 'लाइब' म्हणजे देह. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ ज्या प्राचीन धातूत दाखवतात, त्याचा अर्थ चिकटणे, चिकटून राहणे असा आहे. त्याच धातूपासून संस्कृतात 'लिम्पति' आले आणि मराठीत लेप आणि लिंपणे आले. म्हणजे भिंतीला शेण लिंपणारी आपली आजी आणि इंग्रजांचे 'लाइफ' यांचे मूळ एकच. तो शब्द मुळात सांगतो ते इतकेच : जे टिकून राहिले, चिकटून राहिले, ते. याच कुळात इंग्रजीचा 'लीव्ह', म्हणजे मागे ठेवणे, सोडून जाणे, हाही येतो. आपल्या पालकांना शाळेत 'लिव्हिंग'चा दाखला मागताना आपण ऐकतो आणि हसतो. त्यांना हवा असतो शाळा सोडल्याचा दाखला आणि तोंडी येतो जगण्याचा. पण व्युत्पत्ती पाहिली, तर आपले पालक इंग्रजीच्या फार मुळाशी गेले आहेत असे म्हणावे लागेल.

गंमत अशी, की आपल्या 'जीव' या शब्दाचे सख्खे नातेवाईक इंग्रजीत दुसरीकडेच राहतात. लॅटिनचे 'विवुस' आणि 'विता', ग्रीकचे 'बिओस' आणि संस्कृतचे 'जीव' ही एकाच घराण्यातली भावंडे. त्या घराण्याचा इंग्रजी वारस म्हणजे 'क्विक'. आज त्याचा अर्थ चपळ एवढाच उरला. परंतु प्रेषितांच्या विश्वासांगीकाराच्या जुन्या इंग्रजी पाठात प्रभू जिवंतांचा व मृतांचा न्याय करावयास येतो, तेथे 'जिवंत' यासाठी 'क्विक' हाच शब्द आहे. इंग्रजांनी स्वतःचा जीव असा झटपट कॉफीच्या बाटलीवर चिकटवून टाकला. त्यांचे त्यांच्यापाशी.

प्रश्न आपला आहे. आपल्याजवळ काय होते आणि आपण ते कशाच्या मोबदल्यात देत आहोत, ते पाहू.

निवृत्त झालेल्या आमच्या शिक्षकांना आणि परिचारिकांना दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी 'लाइफ सर्टिफिकेट' द्यावे लागते. मराठीत तो हयातीचा दाखला. हयात हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. बायबलच्या हिब्रूत जीवनासाठी असलेला 'हय्यीम' हा त्याचा जवळचा नातलग आहे. जुन्या कराराचा एक शब्द आमच्या गावात दरसाल बँकेच्या खिडकीत उभा राहतो, हे मला फार आवडते. 'लाइफ इन्शुरन्स' म्हणजे आयुर्विमा. १९५६ साली स्थापन झालेल्या महामंडळाचे मराठी नाव तेच आहे, कारण विमा उतरवतात तो आयुष्याचा, जीवाचा नव्हे. 'लाइफ'ची शिक्षा म्हणजे जन्मठेप. संताचे 'लाइफ' म्हणजे चरित्र. चित्रकाराचे 'स्टिल लाइफ' म्हणजे स्थिरचित्र. बॅटरीचे 'लाइफ' म्हणजे ती किती टिकते ते. पूर, भूकंप झाला की वृत्तपत्रे 'लाइफ'ची हानी सांगतात ती जीवितहानी. इंग्रजी माणूस या साऱ्या ठिकाणी एकाच पिशवीत हात घालतो. मराठी माणसाने प्रत्येक वस्तूला तिची खुंटी नेमून दिली होती.

त्यात चार शब्द असे आहेत की ज्यांची अदलाबदल मराठीत सहसा होत नाही. श्वासाबरोबर चालतो तो प्राण. तो जातो, निघून जातो, डोळ्यांत येऊन थांबतो. मोजता येते ते आयुष्य. ते उणे होते, वाढते, सरते. जगण्याची जी समग्र घडण, नातीगोती, श्रद्धा, श्रम, ते जीवन. आणि जीव? जीव मोजता येत नाही. तो भांड्यात पडतो, टांगणीला लागतो, दुसऱ्यावर जडतो, कामात ओतला जातो, लेकरात गुंततो. जीव म्हणजे तो माणूसच. आपण आयुष्याचा दर्जा म्हणू, राहणीमानाचा दर्जा म्हणू. 'जीवाचा दर्जा' असे मराठीत कोणी म्हणाल्याचे मी पन्नास वर्षांत ऐकलेले नाही. एक जीव चांगल्या प्रतीचा आणि दुसरा हलक्या प्रतीचा, हा विचारच आपल्या भाषेच्या तोंडात बसत नाही. 'क्वालिटी ऑफ लाइफ' मात्र अगदी सहज बसते, आणि त्या सहजतेतच धोका आहे.

आता त्या रात्रीच्या चार वाक्यांकडे परत जाऊ. डॉक्टरांच्या पहिल्या 'लाइफ'चा अर्थ होता, हृदय चालू आहे. दुसऱ्याचा अर्थ, श्वास यंत्र देत आहे. तिसऱ्याचा अर्थ, शुद्धीवर येऊन हिंडण्या-फिरण्याची आशा नाही. चौथ्याचा अर्थ, यंत्र काढले तर प्राण जाईल. मुलाने मात्र एकच विचारले होते : यात जीव घेणे आहे काय?

ख्रिस्तसभेचे उत्तर नवे नाही. परमगुरू बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे भाषण केले, तेव्हा श्वसनयंत्रे रुग्णालयांत नुकतीच रुळू लागली होती. त्यांना नेमका हाच प्रश्न विचारण्यात आला होता. नेहमीच्या, साध्या उपायांनी प्रकृती जपणे हे कर्तव्य. असाधारण उपाय करीतच राहणे हे कर्तव्य नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ५ मे १९८० रोजी विश्वासविषयक धर्ममंडळाने सुखमरणावरील घोषणापत्रात तेच अधिक तपशिलाने सांगितले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातील २२७८ वा परिच्छेद, १९९५ चे परमगुरू दुसरे जॉन पॉल यांचे 'एव्हांजेलिउम विते' हे परिपत्र, सर्वांची दिशा एकच आहे. ठार मारणे निषिद्ध. मग ते कळवळ्यापोटी असो, इंजेक्शनाने असो वा उपाशी ठेवून असो. आणि मरण टळणार नाही असे दिसत असता, फायद्याहून भार अधिक असलेले उपचार थांबवणे हे मारणे नव्हे.

हे सारे मी सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते. मराठीत त्याला एक ओळ पुरते : जीव घ्यावयाचा नाही, आयुष्य ताणावयाचे नाही. शाळेतल्या मुलालाही कळेल. ती ओळ त्या रात्री मला सुचली नाही, कारण मी 'लाइफ'मध्ये विचार करीत होतो. आणि 'लाइफ'मध्ये जीव व आयुष्य हे दोन्ही एकच असल्यामुळे 'लाइफच्या बाजूने' म्हणताच यंत्र अखंड चालवणे एवढाच अर्थ निघतो.

यावर आपल्यातीलच काही उत्साही मंडळी म्हणतील, 'फादर, असा फरक करू लागलात तर दार किलकिले होईल. उद्या कोणीही म्हातारा माणूस ओझे म्हणून सोडून दिला जाईल.' भीती खोटी नाही. रुग्णालयाच्या ओसरीवर म्हाताऱ्यांना सोडून गेलेली मुले मी पाहिली आहेत. परंतु दार किलकिले करतो तो फरक नव्हे, तो शब्द. 'प्रो-लाइफ' म्हणणाऱ्याच्या आणि 'आता यात लाइफ काय राहिले' म्हणणाऱ्याच्या हातात एकच हत्यार आहे. पहिला म्हणतो लाइफ पवित्र आहे, दुसरा म्हणतो हे लाइफच नव्हे. दोघेही जिंकतात, दोघेही हरतात. त्याऐवजी 'यात जीव काय राहिला' असे बिछान्यावरच्या आईकडे बोट दाखवून म्हणून पाहा. जीभ अडखळते. ती अडखळते हेच भाषेचे उपकार.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर साडेएकेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, भरवले, कूस बदलून दिली. त्यांना मरण द्यावे अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, पण त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवण्याला मार्ग मोकळा करून दिला. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवर जो तो 'लाइफ सपोर्ट काढावा की नाही' म्हणत होता. वस्तुतः अरुणाबाई कोणत्याही श्वसनयंत्रावर नव्हत्या. त्यांचा श्वास त्यांचाच होता. प्रश्न होता भरवायचे की भरवायचे थांबवायचे, हा. 'लाइफ सपोर्ट' या एका नावाखाली घास आणि यंत्र यांची मोट बांधली गेली, आणि सुशिक्षितांची सभाच्या सभा गोंधळली. परिचारिका गोंधळल्या नाहीत. अन्नपाणी भरवणे हा उपचार नव्हे, ती माणसाची माणसाला असलेली साधी देणगी आहे. २००४ साली परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी नळीने दिलेल्या अन्नपाण्याविषयीही तत्त्वतः हेच सांगितले. के.ई.एम.च्या वॉर्डात हे ज्ञान त्याआधीच तीस वर्षे हातांनी चालवले जात होते.

न्यायालयांचीही या शब्दाने पुरेशी दमछाक केली आहे. आपल्या राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात 'लाइफ'चे संरक्षण आहे. मराठी पाठात 'जीवित' हा शब्द योजला आहे. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या गरिबांच्या झोपड्यांच्या प्रकरणात, ऑल्गा टेलिस खटल्यात, १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की या 'लाइफ'मध्ये उपजीविकेचाही हक्क येतो. फार न्याय्य. दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, मारुती श्रीपती डुबल या मुंबईच्या पोलीस शिपायाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटले की त्यात मरण्याचाही हक्क येतो. म्हणजे एकाच शब्दातून एका वर्षी भाकरी निघाली आणि दुसऱ्या वर्षी मरण निघाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा दुसरा अर्थ नाकारला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण येऊ देण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल'ला कायद्याचे स्थान दिले. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सोपी करण्यात आली : दोन साक्षीदार, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मी वकील नाही. एवढे मात्र दिसते की जे गुंतले ते वाक्यापेक्षा शब्दात अधिक गुंतले.

पवित्र शास्त्राकडे येतो, कारण आपली खरी पेढी तेथे आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये इंग्रजीच्या एका 'लाइफ'पाठीमागे निदान तीन शब्द आहेत. 'बिओस' म्हणजे जगण्याचे साधन. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेने काय टाकले? आपला सगळा 'बिओस'. मराठी बायबलातील 'उपजीविका' हा शब्द तेथे नेमका बसतो. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलांना वाटून दिला तोही 'बिओस'. 'झोए' म्हणजे देवाकडून येणारे ते विपुल जीवन, ज्यासाठी आपण आलो असे प्रभू योहानाच्या दहाव्या अध्यायात सांगतो. आणि 'प्सुखे' म्हणजे जीव. त्याच अध्यायात उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी देतो तो 'प्सुखे'. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात, जो आपला जीव वाचवू पाहील तो गमावील, या अर्थाच्या वचनानंतर लगेच सारे जग मिळवून जीव गमावल्याने काय लाभ, असा प्रश्न येतो. ग्रीकमध्ये दोन्हीकडे तोच शब्द आहे. इंग्रजांच्या १६११ च्या प्रसिद्ध भाषांतराला तेथे शब्द बदलावा लागला : आधी 'लाइफ', मग 'सोल'. वाचकाला वाटते दोन वेगळ्या वस्तूंविषयी चालले आहे. मराठीला असली कसरत करावी लागत नाही. 'जीव' दोन्ही ओझी एकटाच उचलतो. पुण्याच्या सेमिनरीत आमचे ग्रीकचे गुरुजी, ते स्वतः मराठी नव्हते, या ठिकाणी थांबून म्हणत, 'तुम्ही महाराष्ट्राची मुले भाग्यवान आहात.' आम्ही पुढच्या बाकांवरचे चौघे उगाच ताठ बसत असू.

या भाग्याची कदर एका इंग्रजाने केली होती. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले. त्यांची मातृभाषा इंग्रजी, म्हणजे 'लाइफ' हा शब्द आईच्या दुधाबरोबर आलेला. १६१६ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत, त्या मराठी शब्द वेचून वेचून रचलेल्या. तो इंग्रज आपला शब्द बाजूला ठेवून आपल्या दारात जीव, प्राण, जीवित मागत उभा राहिला. चारशे वर्षांनंतर आपण मराठी माणसे त्याने बाजूला ठेवलेला शब्द उचलून आणत आहोत, आणि वर तो आपल्या मुलांना सुधारणा म्हणून शिकवीत आहोत. २०२० साली उस्मानाबादेस, आजच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, ते २०१० च्या 'सुबोध बायबल'चे कर्ते म्हणूनही. मराठवाड्याच्या भूमीवर एका कॅथलिक धर्मगुरूस तो मान मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मुलाला म्हणालो, 'बेटा, लाइफमध्ये काहीतरी कर.'

मी शब्दशुद्धीचा कैवारी नाही. चावी आणि पगार पोर्तुगीजांनी दिले, पाद्री आणि मिस्साही. नवी वस्तू आली की तिचे नाव तिच्याबरोबर येते. व्हेंटिलेटरला व्हेंटिलेटरच म्हणा. पण घरातली पाच पितळेची भांडी मोडीत देऊन प्लास्टिकचे एक पातेले घेणे याला देवघेव म्हणत नाहीत. शिवाय आम्हा धर्मगुरूंची दुसरी एक खोड आहे, तीही येथेच कबूल करतो. इंग्रजी टाळावयाचे म्हणून आम्ही प्रवचनात जिकडेतिकडे 'जीवन' पेरतो. जीवनदान, जीवनमूल्ये, जीवनसंस्कृती, जीवनाचा आदर! हे मराठी नव्हे, 'लाइफ'ला नेसवलेले धोतर आहे. वृत्तपत्रांतील 'जीवनरक्षक प्रणाली' त्याच जातीची. जीवनाचे रक्षण ती करीत नाही. ती श्वासाला दिलेला टेकू आहे. भिंत दुरुस्त होईपर्यंत टेकू लावतात, भिंत उभी राहिली की काढतात. आणि भिंत कोसळलीच असेल तर टेकूला कोणी भिंत म्हणत नाही.

मराठी शब्दही निर्दोष नाहीत. 'जीव दिला' हे आपण उत्तम मेंढपाळाविषयी म्हणतो आणि कर्जापायी विहिरीत उडी घेतलेल्या शेतकऱ्याविषयीही म्हणतो. मराठवाड्यातील धर्मगुरूला ही दोन वाक्ये कधी कधी एकाच आठवड्यात उच्चारावी लागतात. १९१७ ची धर्मसंहिता जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारीत असे. १९८३ च्या संहितेत ते कलम उरले नाही. पण त्या घरातली बाई अजूनही दबक्या आवाजात विचारते, 'त्यांनी जीव दिला, फादर. देव घेईल का?' शब्द दुहेरी आहे म्हणूनच तिला तो प्रश्न विचारता येतो, आणि म्हणूनच मला त्या मेंढपाळाचे नाव घेऊन तिच्याजवळ बसता येते. 'सुइसाइड' म्हटले असते तर माझ्यापुढे फक्त पोलीस पाटलाचा पंचनामा राहिला असता.

तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांना माझे सांगणे रोखठोक आहे. रुग्णालयात कागद पुढे आला की 'लाइफ' हा शब्द ऐकून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा : बाबांचा श्वास त्यांचा आहे की यंत्राचा? यंत्र कशाची वाट पाहत आहे? या उपचाराने बरे होतील, की फक्त आयुष्याचे दिवस वाढतील? वेदना किती? अन्नपाणी चालू राहणार ना? डॉक्टर बहुधा जालन्याचे, परभणीचे, बीडचेच असतात. मराठीत विचारले की मराठीत सांगतात. आणि 'लिव्हिंग विल' करावयाचे असेल, तर ते आधी मराठीत लिहा. त्याला आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. निरर्थक ठरलेली यंत्रे नकोत असे त्यात कॅथलिकाने खुशाल लिहावे. मला मारा असे लिहिता येणार नाही, आणि माझे अन्नपाणी तोडा असेही नाही. पवित्र तेलाचा संस्कार मात्र वेळेवर हवा, हे पहिल्या ओळीत लिहा. आम्हाला बोलावण्याचे स्मरण तुम्हाला नेहमी विसाव्या दिवशी होते.

गेल्या चालिहाकाळात गुरुजींच्या विधवेला न्यूमोनिया झाला. या वेळी धाकट्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा थोरला डॉक्टरांसमोर बसला होता. हातात वहीचा कागद आणि त्यावर मराठीत सहा प्रश्न. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "डॉक्टर," तो म्हणाला, "आईचा जीव वाचवायला यंत्र लावताय, की नुसतं आयुष्य लांबवायला?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि खुर्ची पुढे ओढली. फुप्फुसात काय झाले आहे, औषध लागू पडायला किती दिवस लागतील, तोवर श्वासाला आधार का हवा, हे त्यांनी पाऊण तास समजावून सांगितले. थोरल्याने सही केली. यंत्र लागले. सहाव्या दिवशी निघाले.

बाई आता घरी आहेत. रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसतात आणि सुनेने भाजीत मीठ कमी केल्याची तक्रार मिस्सा संपताच माझ्याकडे करतात.